अर्धा लिटर तेल आणि चाळणीतले जव: एका एन्ड्युरन्स घोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोडी मारवाडी, कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, वय आठ वर्षं. कपाळावर पांढरी चांदणी आहे, म्हणून इथं तिला चांदणीच म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, आणि मालकाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालकाने तिला तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलं. तबेला नागपूरबाहेर, काटोल रोडच्या बाजूला. मालक नोकरी करणारा माणूस, पहाटे पाच ते सात घोडीवर आणि नऊला ऑफिसात. बाकी सगळा कारभार साईसाचा, म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्याचा. त्यांना सगळे काका म्हणतात. साठी ओलांडलेली, हयात कामठीच्या आसपास घोड्यांत गेलेली.

एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची घोडदौड: ४०, ६०, ८० किलोमीटर आणि पुढे. वेगापेक्षा घोडा किती धड राहतो हे इथं आधी पाहतात. ठरावीक अंतरावर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या मुदतीत हृदयाचे ठोके मिनिटाला ६४वर किंवा त्याखाली आले नाहीत, तर घोडा बाद. लंगडला तरी बाद.

चांदणी जानेवारीत ६० किलोमीटरच्या एका स्पर्धेत दुसऱ्या तपासणीला बाद झाली होती. मुदत वीस मिनिटांची होती. वीस मिनिटं संपली तेव्हा ठोके ७२ होते, आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसत होती. हा दुसरा तपशील मालकाने मला, म्हणजे घोडीच्या डॉक्टरला, पहिल्या भेटीत सांगितलाच नव्हता. बराच नंतर, बोलता बोलता निघाला.

अडचण

पावसाळ्यात काम सुटलं. मग पोळा आला. पोळा आणि तान्हा पोळा असे दोन दिवस घोडी खुंट्याला होती, दाणा मात्र पूर्ण. वर सणाची म्हणून काकांनी गुळाचे खडेही दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे मालक तिला घेऊन निघाला आणि दोन किलोमीटरवर ती थांबली. मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, अंगाला घाम, पाऊल उचलेना. नंतर झालेली लघवी काळ्या चहाच्या रंगाची. कामाच्या घोड्याला सुटी आणि भरपूर दाणा एकदम मिळाला की स्नायू असे जखडतात. परदेशात या दुखण्याला सोमवारचं दुखणं म्हणायची पद्धत होती, कारण घोड्यांना रविवारी सुटी. आपल्याकडे पोळ्याचं म्हणायला हरकत नाही.

त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी उपचार केले आणि घोडी आठवड्यात सावरली. मग मालकाला एका मित्राने सांगितलं, तेल चालू कर, एन्ड्युरन्सचे सगळे घोडे तेलावर असतात. सगळे नसले तरी बरेच असतात, त्यामुळे यात अगदीच खोटं नव्हतं. मालकाने इतवारीतून रिफाइंड सोयाबीन तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणला आणि पहिल्याच दिवसापासून रोज अर्धा लिटर दाण्यावर ओतायला लागला. पाचव्या दिवशी मला फोन आला.

मी पोचलो तेव्हा घोडी तोबऱ्यात तोंड घालून बाहेर काढत होती. खाली गोळ्यांची लीद नव्हती, गाईच्या शेणासारखा पो होता आणि त्यावर तेलकट चकाकी. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेल पाजून घोडी काय मोटरगाडी होते का? मी तर सांगतच होतो ना दादाले." मालक म्हणाला, "सर, तेल बंद करू की थोडं कमी करून चालू ठेवू?"

प्रश्न तेलाचा होता. मी आधी चाळणी मागितली.

लिदीचा एक गोळा, आदल्या दिवशीचा, त्यातल्या त्यात घट्ट, चाळणीत घेऊन नळाखाली धुतला. तेल आणि चोथा वाहून गेला आणि चाळणीत जव उरले. अख्खे, टरफलासकट, नुकते पोत्यातून काढल्यासारखे. मोजले तर मूठभर नव्हते, पण चाळीस-पन्नास सहज होते, आणि ते एका गोळ्यात. मालकाने एक दाणा दातांनी फोडून बघितला. आत पांढरं पीठ तसंच.

मग दाढांत हात घातला. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा चाकूसारख्या झालेल्या, गालाच्या आत दोन जुने व्रण.

रतीब कागदावर मांडली. जव अडीच किलो, भिजवलेले चणे (कोरडे असताना) दोन किलो, गव्हाचा चोकर एक किलो, गूळ पाव किलोच्या आत. हे सगळं दिवसाचं, दोन वेळांत विभागून. वैरण म्हणून वाळलं गवत आणि कडबा मिळून चार किलो. मीठ? "चणे भिजवताना चिमूटभर." घोडीचं वजन फितीने काढलं. छातीचा घेर १७२ सेंटिमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १५५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की किलो मिळतात: ३८६. अंगावर मांस बेताचं. हेनेके यांनी १९८३मध्ये मांडलेल्या एक ते नऊच्या श्रेणीत मी तिला चार दिले.

आता हिशेब. ३८६ किलोच्या, जोरकस काम करणाऱ्या घोडीला दिवसाला साधारण २० ते २१ मेगाकॅलरी (एक मेगाकॅलरी म्हणजे हजार किलोकॅलरी) पचनीय ऊर्जा लागते. तिच्या रतिबीत तेल न धरताही कागदावर २४च्या आसपास होती. म्हणजे ऊर्जा कमी नव्हतीच. ती आत जात होती आणि मागून अख्खी बाहेर पडत होती. दुसरं, एका जेवणात एक किलोच्या वर स्टार्च, म्हणजे वजनाच्या किलोमागे जवळपास ३ ग्रॅम. सुरक्षित मर्यादा एका वेळी साधारण १ ग्रॅम धरतात. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि तिथून पोटशूळ, खुरांची सूज असली दुखणी सुरू होतात. तिसरं, वैरण वजनाच्या फक्त एक टक्का. ती दीड ते दोन टक्के हवी, म्हणजे पावणेसहा ते पावणेआठ किलो.

पर्याय

पर्याय पाच होते आणि तबेल्यातल्या प्रत्येकाचा एक लाडका होता.

दाणा वाढवणं हा सरळ बाद. काकांचा पर्याय तूप-गूळ. तुपाला मी हसलो नाही, कारण तूप हीसुद्धा चरबीच आणि ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी तिच्यातही आहेतच. पण पाव लिटर तूप रोज हा खर्च कोण करणार, आणि सोबतचा गूळ या घोडीला नकोच होता. तिसरा, भंडाऱ्याहून तांदळाचा कोंडा आणणं. कोंड्यात चरबी चांगली असते, घोडे आवडीने खातात. पण गिरणीतून निघालेला कोंडा काही दिवसांत खवट होतो, नागपूरच्या उकाड्यात तर लवकरच. शिवाय कोंड्यात कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त फॉस्फरस असतो. इथं आधीच किलोभर चोकर चालू होता, त्याचंही गणित तसंच उलटं. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्ताची भरती करायची वेळ आली की घोड्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, जबड्याचं हाड मऊ पडतं. तो रस्ता नको.

चौथा, तेल पूर्ण बंद करून फक्त वैरण आणि दात सुधारणं. पाचवा, वैरण आणि दात आधी, तेल मागाहून आणि अगदी हळू.

खरं सांगतो, माझा कल चौथ्याकडे होता. पाचवा निवडला तो दोन कारणांनी. पोळ्यानंतरचा तो झटका पाहता स्टार्च कमी करणं भागच होतं, आणि त्याची जागा भरून काढायला तेल हा घोड्यासाठी चांगला मार्ग आहे. घोड्याला पित्ताशय नसतं. लोक त्यावरून समजतात की त्याला चरबी पचत नाही, पण पित्त त्याच्या आतड्यात सतत झिरपत असतं आणि सवय लावली तर तेल उत्तम पचतं. सवय लावली तर. शिवाय तेल पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते, दाणा आणि चारा पचवताना जास्त. आपल्या हवेत ही गोष्ट लहान नाही. दुसरं कारण असं की मालक तेल बंद करणारच नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर त्याने मला न सांगता चालू ठेवलं असतं. ते माझ्या डोळ्यांदेखत, मापाने झालेलं बरं.

पहिला निर्णय: ऑक्टोबरची स्पर्धा

मालकाने ऑक्टोबरच्या मध्यात ४० किलोमीटरसाठी नाव दिलं होतं, फी भरली होती. चारच आठवडे हाती. तेल पचवायला आतड्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण स्नायूंनी चरबी जास्त जाळायला शिकणं ही सहा ते बारा आठवड्यांची गोष्ट आहे. घोडा दुडकीने चालतो तेव्हा चरबी जाळतो. वेग वाढला, ठोके दीडशेच्या पुढे गेले की स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने खर्च होते. ती साठवण मोजकी असते आणि रिकामी झाली तर भरायला दोन-तीन दिवस लागतात. तेलाचा फायदा इतकाच की स्नायू साखर राखून ठेवायला शिकतो.

मी म्हटलं, नाव काढा. मालक दोन दिवस फोनवर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नाव काढलं. कारण मी नव्हतो, काका होते. ते एवढंच म्हणाले होते, "पोळ्यासारखं रस्त्यात थांबली त आणाले कोण जाईल?"

काय केलं

तेल दहा दिवस पूर्ण बंद. दाढा घासून घेतल्या. लीद तपासून जंताचं औषध दिलं. चोकर थांबवला, गूळ थांबवला. वैरण सात किलोवर नेली: वाळलेलं गवत पाच, वाळवलेली लसूणघास दोन. लसूणघासेने कॅल्शियमची बाजूही सावरली. जव भरडून घ्यायला सांगितले आणि दाणा दोनऐवजी तीन वेळा, प्रत्येक वेळी चाऱ्यानंतर. मीठ रोज ४० ग्रॅम. इतक्या वजनाच्या रिकाम्या बसलेल्या घोडीलाही रोज वीसेक ग्रॅम लागतं, आणि ही तर घाम गाळत होती.

इथं एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत. मी व्हॉइस मेसेज पाठवला: "जव एक किलोवर आणा, जवस आत्ता नको." काकांनी ऐकलं ते उलट. तीन दिवस अडीच किलो जव तसेच चालू, आणि पाव किलो जवस दुकानातून आणून भिजत घातलेले. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक असतात. भिजवलेल्या जवसाचा तो बुळबुळीत लगदा मी चुलीवर उकळायला लावला आणि मग तबेल्यातल्या गायीच्या पुढ्यात जाऊ दिला. तेव्हापासून आमच्यात जवाला जौ आणि जवसाला अळशी म्हणायचं ठरलं. मराठीत बोलायची माझी हौस तिथं थोडी आवरली.

सप्टेंबरअखेर तेल पुन्हा सुरू केलं. ३० मिली, म्हणजे औषधाच्या दोन झाकणांएवढं. दर पाच दिवसांनी ३० मिली वाढवायचं, लीद सैल झाली तर मागच्या मापावर यायचं. एकदाच, १८० मिलीला, मागे यावं लागलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ३०० मिलीवर थांबलो, तीन जेवणांत विभागून.

मालकाला हे फारच थोडं वाटत होतं. मी त्याच्यासमोर आकडेमोड केली. ३०० मिली तेल म्हणजे सुमारे २७५ ग्रॅम, त्यातून अडीच मेगाकॅलरी. पाऊण किलो जवाइतकी. दिवसाच्या गरजेच्या आठव्या हिश्श्याइतकी. एवढंच. पंधरा लिटरच्या डब्याकडे बघून तो म्हणाला, "मग हे एवढं सगळं कशासाठी?" प्रश्न वाजवी होता.

सोयाबीन तेलात चौथा हिस्सा घाणीचं जवस तेल घातलं, ओमेगा-३साठी. घोडीने दोन दिवस वास घेऊन नाक उडवलं, तिसऱ्या दिवशी खाल्लं. पण जवस तेल हवेत सुकतं, रंगाच्या कामात वापरतात ते याच गुणामुळे. आठवड्यात तोबऱ्याच्या कडा व्हार्निश दिल्यासारख्या ताठ झाल्या. काका गव्हाण ज्या चिंध्यांनी पुसत होते त्या कोपऱ्यात कडब्याजवळ गोळा करून ठेवत होते. मी ढिगाऱ्यात हात घातला तर आतून कोमट. अशा चिंध्या स्वतःच तापत तापत पेट घेऊ शकतात, आणि शेजारी वाळला कडबा. त्या दिवसापासून चिंध्या पाण्याच्या बादलीत.

माझ्या हातून दोन चुका झाल्या.

पहिली, ई जीवनसत्त्व. तेल वाढवलं की स्नायूंना ते जास्त लागतं, दर मिलीमागे एक ते दीड युनिट अशी माझी नेहमीची मोजणी आहे. मला हे माहीत होतं आणि मी ते पहिले पाच आठवडे लिहून दिलं नाही. तोवर हिरवा चाराही कमी होत आला होता. मग रोज ४००ची एक कॅप्सूल टाचणीने टोचून तेलात पिळायला सुरुवात केली.

दुसरी चूक मोठी. पोळ्याच्या झटक्याची धास्ती माझ्याच मनात बसली होती. जव एक किलोवर आणले ते तसेच ठेवले. डिसेंबरात मालकाने चढाचा रस्ता सुरू केला, कोंढाळीच्या बाजूला. पहिल्या दोन फेऱ्या ठीक. तिसऱ्या आठवड्यात घोडी चढावर मान टाकायला लागली. लंगडत नव्हती, ठोके वेळेत उतरत होते, पण चढ आला की नुसती चालायची. मालक म्हणाला, तेल मानवत नाही. काका म्हणाले, "पोटात दाणाच नाई त चढीन कशी?" काकांचं बरोबर होतं. चरबी जास्त आणि स्टार्च फार कमी असला की स्नायूंतली साखर नीट भरत नाही, आणि चढाला साखरच लागते. जव पावणेदोन किलोवर नेले, तीन वेळांत, भरडून, आणि सुटीच्या दिवशी निम्मे. एका जेवणातल्या जवाचा स्टार्च वजनाच्या किलोमागे एका ग्रॅमच्या आत राहिला. दहा दिवसांत मान वर आली.

दुसरा निर्णय: स्पर्धेची सकाळ

फेब्रुवारीतली ६० किलोमीटरची स्पर्धा. सुरुवात सकाळी सहाला. आदल्या रात्री मालकाचा फोन, पहाटे पाचला दाणा आणि थोडं जास्तीचं तेल देऊ का? अंगात ताकद राहील.

दोन्हीला नाही म्हणालो. आदल्या तीन-चार तासांत दाणा दिला की इन्सुलिन चढतं आणि नेमक्या पहिल्या तासात चरबी जळणं मंदावतं. तेल त्या सकाळी इंधन म्हणून उपयोगी नाही. घोडीच्या अंगात ६० किलोमीटरला पुरेल त्याच्या कितीतरी पट चरबी आधीच आहे, आपण चार महिने फक्त ती वापरायची सवय लावली. रात्रभर चारा समोर ठेवा, सकाळीही चारा. मोठं आतडं चाऱ्याने भरलेलं असलं की पाणी आणि क्षार साठवतं, आणि घोडी घामात जे गमावते ते काही काळ तिथून भरून निघतं. जानेवारीत बाद होण्याचं मूळ, माझ्या मते, इथं होतं. कातडीची चिमटी सावकाश बसत होती ती पाणी कमी पडल्यामुळे, तेल कमी पडल्यामुळे नव्हे.

निष्पत्ती

पहिल्या तपासणीला ठोके सात मिनिटांत ६०. दुसऱ्याला, जिथं मागच्या वर्षी बाद झाली होती, अकरा मिनिटांत ६२. आतड्यांचे आवाज चारही बाजूंनी, कातडी लगेच जागेवर. शेवटच्या टप्प्यात मुरमाड रस्त्यावर उजव्या पुढच्या पायाच्या तळव्याला खडा लागला. रेषा ओलांडली, ठोके उतरले, आणि दुडकीवर पळवून बघताना लंगडली. बाद.

मालकाला फार लागलं. घोडी मात्र संध्याकाळी चारा ओढत होती आणि लघवी स्वच्छ होती. आठ दिवसांत पाय बरा. अंगावर श्रेणी पाचच्या जवळ. चाळणीत आता जव सापडत नाहीत. मालकाने मार्चमध्ये मला न विचारता स्वतः लीद धुऊन फोटो पाठवला.

वेगळं काय करता आलं असतं

दात आणि लीद हे पहिल्या वर्षीच, सारंगखेड्याहून आल्या आल्या बघायला हवं होतं. ते झालं असतं तर तेलाचा प्रश्न कदाचित उठलाच नसता.

तेलाने किती फरक पडला, हे या प्रकरणातून मला सांगता येत नाही. दाढा, वैरण, मीठ, भरडलेले जव, सराव, तेल, सगळं चार महिन्यांत एकत्र बदललं. मालकाचे मित्र तेलाला श्रेय देतात आणि एकाने आपल्या घोड्याला रोज अर्धा लिटर सुरू केलंही आहे. मला स्वतःला वाटतं, वैरण आणि मिठाचा वाटा मोठा, तेलाचा लहान पण खरा. पुन्हा संधी मिळाली तर आधी दोन महिने फक्त दात, चारा आणि मीठ, मग तेल, असं करेन. मालक तेवढा थांबेल का, हा वेगळा प्रश्न.

ई जीवनसत्त्वाची आणि डिसेंबरातल्या दाण्याची चूक माझी. दुसऱ्या चुकीत मी काकांचं आठवडाभर आधी ऐकलं असतं तर चढावरचे ते दिवस वाया गेले नसते. त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं. मी दर वेळी आकडे दाखवले.

एप्रिलमध्ये पारा ४२वर गेला आणि काम थांबवलं. बसून खाणाऱ्या घोडीला ३०० मिली तेलाचं काम नाही, मानेवर चरबी चढते, म्हणून उतरवत ६० मिलीवर आणलं. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "पोळ्याले किती द्याचं?" म्हटलं, आदल्या रात्रीपासून दाणा निम्मा, चारा पोटभर, आणि सण असला तरी तासभर हाती धरून फिरवायची. त्यांनी ते खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून घेतलं. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: गूळ नाही.